ऑईल जाते कुठे?

मी कारकून माणूस. दिवसभर जमा-खर्चाच्या वह्या. एका रुपयाचा फरक निघाला तरी तो सापडल्याशिवाय पान उलटायचे नाही, ही वीस वर्षांची सवय. पण ही सवय मी ऑफिसातच ठेवून घरी येत होतो, हे माझ्या मुलीने मला दाखवून दिले.

माझी मोटारसायकल सेकंडहँड. पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक आहे. तो तारेवर नव्हे, ऑईलच्या दाबावर चालतो. हँडलवरची लिव्हर दाबली की मास्टर सिलिंडरमधले ऑईल पाइपातून खाली ढकलले जाते आणि कॅलिपरमधले पॅड डिस्कला आवळून धरतात. काही महागड्या गाड्यांचा क्लचही असाच ऑईलवर चालतो. तो गळू लागला की क्लच नीट सुटत नाही, गिअर अडतो.

हँडलवरच्या डबीतले ऑईल उतरले की मी वरून भर घालीत असे. तीन महिन्यांत तीनदा घातली. पॅड झिजले की पातळी थोडी उतरतेच, तसेच असेल म्हणून गप्प बसलो.

एका सकाळी मुलीला मागे बसवून स्टेशनकडे निघालो. उतारावर लिव्हर दाबली, ती सरळ मुठीला टेकली! मागच्या ब्रेकवर गाडी कशीबशी थांबली. पुढची रिक्षा हातभर अंतरावर होती. मुलगी खाली उतरली आणि एवढेच म्हणाली, "बाबा, तुम्ही ऑईल भरता, पण ते जातं कुठं?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. गाडी ढकलत घरी आणली.

शनिवारी रात्री सगळे भाग पुसून कोरडे केले. लिव्हरच्या बुडाशी, पाइपाच्या सांध्याला आणि कॅलिपरला पांढरी फडकी बांधली. लिव्हर वीस-पंचवीस वेळा दाबली. सकाळी पाहतो तर लिव्हरखालचे फडके ओले! मास्टर सिलिंडरचे रबरी सील गेले होते. हँडलखाली टाकीचा रंग फुगून निघाला होता. तो उन्हाने गेला असे मी समजत होतो. ब्रेक ऑईल रंग खाते, हे तेव्हा कळले.

मिस्त्रीने सील बदलले, झाकणावर लिहिलेलेच डॉट ४ ऑईल बंद डबी फोडून भरले आणि पाइपातली हवा काढली. हे ऑईल हवेतला ओलावा ओढून घेते, म्हणून उघडी पडलेली बाटली वापरू नये. हवा आत राहिली तर लिव्हर मऊ लागते. गळती कॅलिपरला असती आणि ऑईल पॅडला लागले असते, तर पॅडही बदलावे लागले असते.

बंधू-भगिनींनो, पातळी पुन्हा पुन्हा उतरत असेल तर नुसती भर घालून गाडी रस्त्यावर नेऊ नका. आधी गळती शोधा. आमच्या घरी आता दर रविवारी मुलगीच डबीची काच पाहते. हा हिशेब मी तिच्याकडेच सोपवला आहे.