विद्यापीठाचे पोलीस आणि उघडी नोंदवही

आमच्या वस्तीतली एक मुलगी पुढील शिक्षणासाठी अमेरिकेला निघाली, तेव्हा तिच्या प्रवेशाच्या कागदांत विद्यापीठाच्या पोलीस खात्याचे माहितीपत्रक होते. तिची आई ते घेऊन आमच्याकडे आली. "भाऊ, शिकायला चाललेल्या पोरांमागे पोलीस कशाला?" पोलिसांचा धसका घेतलेल्या वस्तीतल्या बाईने दुसरे काय विचारावे?

आम्ही कारकुनी करणारी माणसे. कागद हाती आला की शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा, ही सवय. म्हणून जमेल तेथून माहिती मिळवली. ती वाचकांपुढे ठेवतो.

अमेरिकेतील विद्यापीठ म्हणजे एक गावच असते. वसतिगृहे, दवाखाने, मैदाने आणि हजारो तरुण मुले-मुली. १८९४ साली येल विद्यापीठासाठी न्यू हेवन शहराच्या दलातले दोन शिपाई नेमले गेले. विद्यार्थी आणि शहर पोलीस यांच्यात तेव्हा सारखे खटके उडत. तेथून ही प्रथा सुरू झाली. आज अनेक विद्यापीठांत असे स्वतंत्र खाते आहे. काही ठिकाणी नुसते सुरक्षारक्षक असतात; परंतु जेथे रीतसर पोलीस आहेत, तेथे त्यांना अटकेचा अधिकार असतो आणि बहुतेकांच्या कमरेला पिस्तूलही असते.

त्यांची रोजची कामे मात्र साधी आहेत. रात्री ग्रंथालयातून एकटी निघालेली मुलगी फोन करते आणि कोणीतरी तिला वसतिगृहापर्यंत सोबत करते. अनेक ठिकाणी निळ्या दिव्याचे खांब आहेत. बटण दाबले की थेट खात्याशी बोलता येते. हरवलेल्या वस्तू सांभाळणे, सायकलींची नोंद ठेवणे, मुलींना स्वसंरक्षण शिकवणे हीही कामे ते करतात.

पण आम्हाला सर्वांत मोलाची वाटली ती त्यांची नोंदवही. तिच्यामागे एका मुलीचे मरण आहे. १९८६ च्या एप्रिलमध्ये पेनसिल्व्हेनियातील लीहाय विद्यापीठाच्या वसतिगृहात जीन क्लेरी या १९ वर्षांच्या विद्यार्थिनीवर बलात्कार करून तिचा खून करण्यात आला. खुनी त्याच विद्यापीठातला विद्यार्थी होता. आवारात आधी घडलेले गंभीर गुन्हे पालकांना कोणी सांगितलेच नव्हते. तिचे आईवडील रडत बसले नाहीत, झगडले. १९९० साली केंद्रीय कायदा झाला आणि पुढे त्याला तिचेच नाव मिळाले. या कायद्याने विद्यापीठाला दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत गुन्ह्यांचा अहवाल प्रसिद्ध करावा लागतो. रोजच्या गुन्ह्यांची वही ठेवावी लागते, दोन कामकाजी दिवसांत नोंद करावी लागते आणि कोणीही मागितली तरी ती दाखवावी लागते. धोका असेल तर सर्वांना वेळेवर सावध करावे लागते.

वाचकहो, एका भगिनीची तक्रार नोंदवण्यासाठी आम्ही एका पोलीस ठाण्यात सकाळपासून रात्रीपर्यंत बसलो आहोत. वही टेबलावर होती, पेन होते, साहेबही होते. नोंद तेवढी झाली नाही. म्हणून वहीची किंमत आम्हाला कळते.

अर्थात कायदा कागदावर असून भागत नाही. १६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक विद्यापीठात सकाळी सव्वासातच्या सुमारास वसतिगृहात दोघांना गोळ्या घातल्या गेल्या. विद्यार्थ्यांना पहिली सूचना गेली ती दोन तासांनी. त्यानंतर थोड्याच वेळात त्याच खुन्याने आणखी ३० जणांचा बळी घेतला. त्यात मुंबईहून शिकायला गेलेली एक मुलगीही होती. या दिरंगाईबद्दल सरकारच्या शिक्षण खात्याने विद्यापीठाला दंड केला.

दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. १९ जुलै २०१५ रोजी सिनसिनाटी विद्यापीठाच्या एका गोऱ्या पोलिसाने आवाराबाहेर सॅम्युएल डुबोज या निःशस्त्र काळ्या माणसाची गाडी अडवली. कारण काय, तर पुढची नंबरप्लेट नव्हती! तेथेच त्याच्या डोक्यात गोळी घातली. गाडीने आपल्याला फरफटत नेले, असे पोलीस म्हणाला. त्याच्याच अंगावरच्या कॅमेऱ्याने वेगळे दाखवले. त्याची नोकरी गेली, खुनाचा खटलाही झाला. परंतु दोनदा ज्यूरीचे एकमत झाले नाही आणि २०१७ मध्ये आरोप मागे घेण्यात आले. मुलीला दारापर्यंत सोबत करणारा गणवेश आणि गोळी घालणारा गणवेश एकच, हे विसरून कसे चालेल?

म्हणून त्या माउलीला आम्ही सांगितले, "ताई, पोलीस आहेत म्हणून निर्धास्त राहू नका, आणि पोलीस आहेत म्हणून घाबरूही नका. पोरीला त्यांचा नंबर पाठ करायला सांगा आणि दरवर्षीचा तो अहवाल वाचायला सांगा."

जी मुले तेथे जात आहेत, त्यांच्या पालकांनीही हेच करावे. पोलीस चांगले की वाईट हे त्यांच्या गोड बोलण्यावरून ठरत नाही. घडलेले ते लिहितात का आणि लिहिलेले दाखवतात का, हे आधी विचारा. विचारण्याचा तो हक्क एका मुलीच्या आईवडिलांनी झगडून मिळवला आहे. तो वापरला नाही तर वही पुन्हा मिटायला वेळ लागणार नाही.