'ळ' आणि फुलराणी

रावेर-यावलच्या मळ्यांतून केळीचे ट्रक भरून उत्तरेकडे जातात. पण त्या मळ्यांत राबणारा माणूस घरी 'केळी' म्हणत नाही, 'केयी' म्हणतो. 'डोळा' आमच्याकडे 'डोया' होतो आणि 'काळा' 'काया'. 'ळ' हे अक्षर खानदेशच्या जिभेला फारसे मानवत नाही, आणि प्रमाण मराठीच्या दाराशी गेले की पहिली परीक्षा नेमकी त्याच अक्षराची होते! म्हणूनच 'माय फेअर लेडी' हा चित्रपट पाहताना मला लंडन फारसे परके वाटले नाही.

तिथे अडचण 'ह'ची आहे. कॉव्हेंट गार्डनमध्ये फुले विकणारी एलायझा शब्दाच्या आरंभीचा 'ह' गिळून टाकते. उच्चारशास्त्राचे प्राध्यापक हिगिन्स तिचे बोलणे ऐकतात आणि पैज घेतात, की सहा महिन्यांत हिला मी सरदारघराण्यातली स्त्री म्हणून मिरवीन. मग सुरू होतो उच्चारांचा रियाझ. तोंडात गोट्या काय, ज्योतीपुढे 'ह'ची फुंकर काय! आपण पोट धरून हसतो. हसता हसता मनात येते, की आपणही कधीतरी अशाच एखाद्या ज्योतीपुढे बसलो होतो.

या कथेचा प्रवास मोठा आहे. बर्नार्ड शॉचे 'पिग्मॅलियन' प्रथम रंगभूमीवर आले ते 1913 साली व्हिएन्नाला, तेही जर्मन भाषेत. लंडनला ते 1914 मध्ये झाले. पुढे 1956 साली न्यूयॉर्कला लर्नर आणि लोव या जोडीने त्याचे संगीत नाटक केले, आणि 1964 मध्ये जॉर्ज क्यूकर यांनी त्यावर चित्रपट काढला. त्याला आठ ऑस्कर मिळाली. गंमत अशी, की ऑड्री हेपबर्नच्या तोंडची बहुतेक गाणी तिच्या आवाजात नाहीत. ती मार्नी निक्सनने गायिली आहेत. एका मुलीच्या आवाजाची गोष्ट सांगायची, आणि नायिकेचाच आवाज काढून दुसरीचा बसवायचा! हिगिन्स केवळ पडद्यावरच होता असे नाही म्हणायचे.

मराठीत ही मुलगी आली ती 1975 साली, पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी'तून. पुलंनी चित्रपट बाजूला ठेवून मूळ शॉच्या नाटकालाच हात घातला. भक्ती बर्वे यांची मंजुळा आणि सतीश दुभाषी यांचा प्राध्यापक ज्यांनी पाहिले, ते आजही त्याविषयी भरभरून बोलतात. मंजुळेचे ते धुसफुसणारे स्वगत एकपात्री स्पर्धांतून मुली अजून सादर करतात. आणि 'फुलराणी' हे नाव ऐकताच आठवते ती बालकवींची कविता. बालकवी आपले, धरणगावचे. 1890 साली तिथे जन्मलेला हा कवी 1918 मध्ये भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून गेला. मुंबईच्या मंजुळेला नाव मिळाले ते असे खानदेशच्या मातीतून. हे समजले तेव्हापासून मंजुळा मला नात्यातली वाटते.

शॉच्या नाटकात शेवटच्या अंकात एक जागा आहे. एलायझा म्हणते, की मी माझी भाषा विसरले. आता मला तुमचीच तेवढी येते. परक्या देशात गेलेले मूल चार आठवड्यांत तिथली भाषा उचलते आणि आपली हरवून बसते, तसे माझे झाले. थोड्याच वेळात नव्या झगमगीत कपड्यांतला बाप समोर दिसतो आणि तिच्या तोंडून जुनी, फुलवालीचीच किंकाळी फुटते! हिगिन्स खूश होतात, मी जिंकलो म्हणतात. मला मात्र तिथे बरे वाटले ते वेगळ्या कारणाने. भाषा गेली नव्हती. आत कुठेतरी दबा धरून बसली होती.

माझे गाव साक्री तालुक्यात, वसतिगृह जळगावला. धुळ्याहून एस. टी. निघते तेव्हा माझ्या मनात अहिराणी असते; पारोळा मागे पडेपर्यंत वाक्ये आपोआप प्रमाण मराठीत जुळू लागतात. परतताना उलटे. घरी आजी 'कव्हय उनी?' विचारते, तेव्हा 'केव्हा आलीस'मध्ये नसलेला एक ओलावा तिथे असतो. वसतिगृहातल्या कितीतरी मुली मात्र घरचा फोन आला की व्हरांड्याच्या टोकाला जातात आणि आवाज खाली आणून 'माले', 'तुले' बोलतात. चोरी केल्यासारख्या! आईशी बोलण्यात चोरी कसली?

माझी धाकटी चुलत बहीण पहिलीत गेली. घरी तिची टकळी बंद होत नाही. शाळेत पहिल्याच आठवड्यात ती 'माले पानी पाहिजे' म्हणाली, वर्ग हसला, आणि हसणाऱ्यांना कोणी थांबवले नाही. पुढे तीन महिने ती वर्गात बोललीच नाही. पाणीसुद्धा मागितले नाही.

प्रमाण भाषा नको, असे मी म्हणत नाही. एलायझा स्वतःच्या पायांनी हिगिन्सकडे आली होती, फीचे पैसे द्यायला तयार होती. तिला फुलांच्या दुकानात नोकरी हवी होती आणि तिचे बोलणे आड येत होते. आम्हालाही मुलाखती द्यायच्या आहेत, प्रबंध लिहायचे आहेत. हा लेखही मी प्रमाण मराठीतच लिहिते आहे. हिगिन्सने शिकवले, हा त्याचा गुन्हा नव्हे. पैज जिंकल्यावर या मुलीने आता जावे कुठे, हा प्रश्न त्याला पडला नाही, हे मला खटकते.

आणि उत्तर तर आपल्या घरातच आहे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात ओव्या सुचल्या त्या लेवा बोलीत, आमच्या अहिराणीच्या शेजारणीत. घरच्यांनी त्या टिपून ठेवल्या. 1951 साली बहिणाबाई गेल्या आणि 1952 मध्ये, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह, संग्रह निघाला. महाराष्ट्र थक्क झाला. त्या 'डोया'तला 'य' दुरुस्त करावा असे कुणालाही वाटले नाही. 1990 साली जळगावला स्थापन झालेल्या विद्यापीठाला 2018 मध्ये त्यांचेच नाव दिले गेले. आपल्या पदवीवर नाव असते ते 'मले' म्हणणाऱ्या बाईचे. आणि 'माले' म्हणणारी पोर मात्र वर्गात तहानलेली!

पदवीनंतर मला बी. एड. करायचे आहे. उद्या एखाद्या गावच्या शाळेत माझ्यासमोर कोणी 'केयी' म्हणेल. 'ळ' मी त्याला शिकवीनच; तो त्याला लागणार आहे. पण आधी विचारीन, की बाबा, केयी लावतात कशी, पाणी किती लागते, घड कधी उतरवतात? तो सांगेल तेव्हा वर्ग ऐकेल, आणि मीही ऐकेन.