पानशेत, भाटघर आणि कामगाराचा जीव

पावसाळा सरला की आपल्या विहारांतून सहलीच्या गोष्टी निघू लागतात. दीक्षाभूमी, चैत्यभूमी, महाड, कार्ले-भाजे ही ठिकाणे बहुतेक कुटुंबांची पाहून झालेली असतात. पुणे जिल्ह्यातील वेल्हे आणि भोर या तालुक्यांकडे मात्र आपली पावले सहसा वळत नाहीत. वेल्ह्याचे नाव राजगड करण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली मान्यता दिली, एस.टी.त मात्र लोक अजून वेल्हेच म्हणतात. ज्याच्या घरात कुणीतरी यंत्रावर, खाणीत किंवा बांधकामावर राबते त्याने हा मुलूख एकदा तरी पाहावा, असे मला वाटते.

पुण्याहून खडकवासल्याच्या रस्त्याने पानशेत गाठावे. डावीकडे सिंहगड, उजवीकडे पाणी. आंबी नदीवरचे हे मातीचे धरण. बाहेरून हिरवीगार टेकडीच वाटते. मुले विचारतात, धरण कुठे आहे? तेव्हा त्यांना १२ जुलै १९६१ ची हकिगत जागेवरच सांगावी.

धरणाचे काम १९५७ साली सुरू झाले. ते १९६२ पर्यंत पुरे व्हायचे होते, पण घाई झाली आणि १९६१ च्या पावसाळ्यातच पाणी अडवले गेले. मातीच्या भरावाच्या पोटातून पाणी बाहेर सोडण्यासाठी मोरी असते. ती मोरी आणि तिचे दरवाजे म्हणजे अशा धरणाचा जीव. पानशेतच्या मोरीचे दरवाजे वरखाली करणारी यंत्रणा अपुरी होती. दरवाजे अर्धवट उघडे लटकत ठेवलेले, त्यांखालून पाण्याचा लोंढा चाललेला, आणि त्या लोंढ्याने सगळे हादरत होते. ज्या मोरीला सळईचे सिमेंट काँक्रीट हवे होते ती साध्या काँक्रीटची होती. मोरी खिळखिळी झाली, वरची माती खचू लागली. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. सकाळी धरण फुटले. दुपारपर्यंत खालचे खडकवासल्याचे धरणही गेले आणि मुठेच्या काठचे पुणे पाण्याखाली बुडाले. मृतांची संख्या हजाराच्या आसपास सांगितली जाते. गोखलेनगर, सहकारनगर या वस्त्या त्या पूरग्रस्तांतूनच उभ्या राहिल्या. चौकशीचे काम आधी न्या. बावडेकर आणि नंतर न्या. नाईक यांच्याकडे होते.

मला यात एक गोष्ट फार लागते. पोती रचणारा जवान आणि भराव घालणारा मजूर यांना कामाची तारीख ठरवण्याचा अधिकार नव्हता. तारीख ठरवणारे भरावावर उभे नव्हते. कारखाना असो, धरण असो की कोळशाची खाण असो, अपघाताची सुरुवात बहुधा अशीच कचेरीतल्या टेबलावर होते.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणींच्या दौऱ्यावर गेले. फायली मागवून त्यांचे समाधान झाले नाही. ते स्वतः जमिनीखाली उतरले, कामगार कसे काम करतात आणि कसे राहतात ते त्यांनी पाहिले. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९४४ मध्ये, कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. युद्धकाळात स्त्रियांना जमिनीखाली काम करण्यावरची बंदी उठवावी लागली, त्यावर टीकाही झाली. फेब्रुवारी १९४६ पासून ती बंदी पुन्हा लागू झाली. बाबासाहेबांच्या चरित्राची चर्चा करताना आपण हे प्रकरण दोन ओळींत उरकतो. ते बरे नाही.

त्याच धनबादजवळ चासनाला येथे २७ डिसेंबर १९७५ रोजी शेजारच्या बंद कामातले साठलेले पाणी खाणीत फुटून शिरले आणि ३७५ कामगार आत अडकून मेले. पानशेतला पाणी डोक्यावर होते ते सगळ्यांना दिसत होते, चासनाल्याला ते दिसत नव्हते, एवढाच फरक. चंद्रपूर, बल्लारपूर, वणी, उमरेड या कोळसा पट्ट्यात आपले कितीतरी बांधव नोकरीला आहेत. खाणीत छत कोसळणे, वायू साठणे, भरलेल्या डब्यांचा दोर तुटणे हे धोके त्यांच्या घरच्या बायकांना तोंडपाठ असतात. १९५२ च्या खाण कायद्यात अपघाताची नोटीस फलकावर लावण्याचे कलम होते, ती युनियनच्या लोकांना पाहता यावी म्हणून. वाचता येणाऱ्या कामगाराने ती वाचून इतरांना सांगायची, हे ओघानेच आले.

पानशेतहून थोडे मागे येऊन रांजणे-पाबे घाटाने वेल्ह्याला उतरता येते. घाट वळणावळणाचा आहे. लहान मुलांना लिंबू-साखर द्यावी. समोर तोरणा उभा राहतो, पुढे राजगड. वेल्ह्याहून नसरापूर, कापूरहोळ आणि मग भोर.

भोरजवळ वेळवंडी नदीवर भाटघरचे धरण आहे. महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ साली झाला, त्याच सुमारास ही दगडी भिंत पुरी झाली. तिला ४५ स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला आले की ते पाण्याच्याच जोरावर उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. अशा जातीचे दरवाजे विश्वेश्वरय्यांनी १९०३ साली खडकवासल्यावर बसवले होते. तेव्हा पानशेतच्या वेळी आपल्या देशात दरवाजांचे ज्ञान नव्हते, असे कुणी म्हणू नये. ज्ञान साठ वर्षे जुने होते. अर्थात स्वयंचलित म्हटले तरी गंज काढणे, वंगण घालणे, बिजागरी तपासणे हे माणसालाच करावे लागते. त्या माणसाचे नाव कोनशिलेवर नसते.

जाणाऱ्यांसाठी थोडे. भाकरी-चटणी घरून न्यावी. धरणाच्या भिंतीवर सोडत नाहीत, म्हणून रस्त्यावरूनच पाहावे. जलाशयाच्या काठी गाळ असतो, पाणी एकदम खोल होते; पोरांना उतरू देऊ नये. मुक्काम करणाऱ्यांना भोरहून वरंध घाटाने थेट महाडला जाता येते. हा घाट पावसाळ्यात दरडींमुळे बंद ठेवतात, म्हणून दिवाळीनंतर निघावे आणि गाडीची वेळ भोरच्या स्टँडवर आदल्या दिवशीच विचारून ठेवावी.