कोंडलेली हवा

दादाचे घर आणि माझे घर यांच्यामध्ये एक सामाईक परस आहे. पनवेलला वडाळे तळ्याच्या बाजूच्या जुन्या वस्तीत अशी परसे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली. आमच्या परसात पत्र्याची एक शेड आहे, आणि गेल्या वर्षीच्या पावसाळ्यापर्यंत त्या शेडमध्ये दादाची टाकी होती. निळ्या रंगाची, आडवी, दोन चाकांवर बसवलेली. डोक्यावर मोटर आणि कॉम्प्रेसर. दादा पेणहून गणपतीच्या कच्च्या मूर्ती आणी आणि आषाढ-श्रावणात त्या रंगवी. नुसत्या ब्रशाने काम उरकेनासे झाले तेव्हा त्याने मुंबईला दारूखान्यात जाऊन ही टाकी जुनीच विकत आणली. त्याला आता सव्वीस वर्षे झाली. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी मात्र तो अखेरपर्यंत हातानेच करी. त्या वेळी टाकी बंद ठेवायची, आणि घरातल्या कोणी मोठ्याने बोलायचे नाही, असा दंडक होता.

टाकीची धडधड आमच्या घरात पावसासारखी होती. चालू असताना ती ऐकू येत नसे. थांबली की चुकल्यासारखे वाटे. दादाने तिच्यावर पांढऱ्या रंगात ‘श्री’ काढला होता. दर दसऱ्याला तिला हळदकुंकू आणि झेंडूचा हार असे. तिच्या पोटाखालचा, पाणी सोडायचा कॉक मात्र कोणी फिरवीत नसे.

हे मला ठाऊक होते, आणि इथेच माझी लाज आहे. मी चौतीस वर्षे कारखान्यात काढली, आणि त्यांतली बरीचशी दाबाच्या भांड्यांच्या देखभालीत गेली. अमुक भांडे बाहेरून कधी पाहिले, आतून कधी पाहिले, पाण्याने दाब देऊन कधी तपासले, याच्या नोंदवह्यांवर मी सह्या करीत असे. त्याच माणसाने घरापासून पंधरा पावलांवरच्या टाकीखाली एकदाही वाकून पाहिले नाही. एकदा विचारले होते, नाही असे नाही. “दादा, खालचा कॉक रोज सोडतोस ना?” तो म्हणाला, “तुझं साहेबपण तुझ्या कारखान्यात ठेव.” थोरल्या भावाला तीच गोष्ट दुसऱ्यांदा विचारायची आमच्याकडे रीत नव्हती. ही सबब झाली. खरे म्हणजे मला वाईटपणा नको होता, आणि टाकी काही फुटली नव्हती.

दादा गेला. गणपती पुतण्याने पुढे चालू ठेवले. गेल्या वर्षी ज्येष्ठात मी सहज परसात गेलो, तर पुतण्याची पाच वर्षांची मुलगी टाकीला कान लावून उभी होती. कॉम्प्रेसर नुकताच थांबला होता आणि काटा ८ किलोवर होता. मला पाहून ती हळूच म्हणाली, “आजोबा, आत समुद्र आहे.”

मुलीने चुकीचे सांगितले नव्हते. आत पाणी होतेच. पनवेलची पावसाळी हवा कशी असते ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. खाडी जवळ, आणि चार महिने चादरीसुद्धा दमट. अशा एक घनमीटर हवेत २५ ग्रॅमच्या आसपास पाण्याची वाफ असते. ही हवा दाबून आठ-नऊ पट लहान केली आणि मग ती निवली, की एवढी वाफ तिला पोटात ठेवता येत नाही. पाणी तळाशी उतरते आणि तिथेच बसते. टाकीचा गंज म्हणून आतून चढतो, आणि तोही खालून. वर निळा रंग तसाच चकचकीत राहतो.

मी मनातल्या मनात गुणाकार केला. टाकीचा व्यास ४० सेंटिमीटर, म्हणजे टोकाच्या बशीचे क्षेत्रफळ साडेबाराशे चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरवर ८ किलो रेटा. एकूण १० टन. मुलीने त्या १० टनांना कान लावला होता.

मी तिला उचलून बाहेर आणले, मोटरचे बटण बंद केले आणि पिस्तुलाची नळी मोकळी सोडून सगळी हवा जाऊ दिली. नंतर पाना लावून कॉक फिरवला. तो हलेना. हलला तेव्हा चहाच्या रंगाचे पाणी आले आणि त्याच्यामागून तपकिरी चिखल.

पुतण्याला बोलावले. तो म्हणाला, “काका, सव्वीस वर्षं काही झालं नाही.” हे वाक्य मी कारखान्यात इतक्या वेळा ऐकले होते, की त्याचे उत्तर मला पाठ होते. पण समोर भावाचा मुलगा होता, पुढे गणपतीचा मोसम होता आणि नवी टाकी घ्यायला त्याच्याजवळ पैसे नव्हते. मी उत्तर गिळले.

मग टाकी पारखायची कशी? आमचे आजोबा बैलगाडीचे चाक ठोकून पाहत. पनवेल एके काळी चाकांसाठीच नावाजलेले होते. बायका माठ वाजवून घेतात. पण पोखरलेली टाकीसुद्धा नव्यासारखी खणखणते; आणि हवा भरलेल्या टाकीवर तर हातोडी उगारूच नये. कायद्याकडे पाहावे, तर १८६३ साली कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसे मेली, म्हणून पुढच्या वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला आणि १९२३ साली देशभरासाठी झाला. वायूच्या दाबाच्या भांड्यांचेही नियम आहेत, आणि ते पाहणारे मुख्य कार्यालय आपल्या नागपूरला आहे; पण ते नियम १००० लिटरांच्या वरच्या भांड्यांना लागू. दादाची टाकी १५० लिटरांची. तिच्यासाठी निरीक्षक कोणी नव्हता. होतो तो मीच.

नळाचे काम करणाऱ्याकडून नळ तपासायचा हातपंप आणला. टाकी काठोकाठ पाण्याने भरली, आत हवेचा बुडबुडाही राहू दिला नाही, आणि दाब १२ किलोंपर्यंत नेला. पाणी दाबले तरी जवळजवळ आकसत नाही. भांडे फाटले तर चिरकांडी उडते आणि खेळ संपतो. हवा मात्र आवळलेल्या स्प्रिंगसारखी असते, ती फाटलेल्या पत्र्याला घेऊन निघते. म्हणून परीक्षा पाण्याने करायची, हवेने कधीही नाही. अर्धा तास आम्ही काट्याकडे बघत बसलो. काटा हलला नाही.

“पास झाली ना, काका? तुमच्याच परीक्षेत?” पुतण्या म्हणाला. त्याचा चेहरा दादासारखा दिसला.

पण मी जुन्या सोबत्याकडून पत्र्याची जाडी मापायचे यंत्र मागून आणले होते. ते बाहेरून टेकवले की आतून येणाऱ्या प्रतिध्वनीवरून जाडी सांगते. वरच्या बाजूला ३.९ मिलिमीटर. कुशीला ३.६. तळाला १.६, आणि एका जागी १.३. पत्रा तिसऱ्या हिश्शाचा राहिला, की ताण तिप्पट होतो. शिवाय नळकांड्यात लांबीवरच्या रेषेला आडव्या रेषेच्या दुप्पट ताण पडतो, आणि पाणी नेमके लांबीवरच्या रेषेतच साचते. आजची परीक्षा आजच्या दिवसापुरती होती. पुढच्या श्रावणाचे ती काही सांगत नव्हती.

कारखान्यात मी दोन मिनिटांत ‘बाद’ लिहिले असते. घरात मला पळवाटा सुचू लागल्या. रंगाच्या पिस्तुलाला तीन-चार किलो पुरतात. दाब निम्म्यावर ठेवून एवढा मोसम काढावा. तळाला ठिगळ मारावे, असे पुतण्या म्हणाला. ते मात्र मी झटकन मोडले. सडक्या कापडाला टाका घातला की कापड टाक्याशेजारी फाटते. पण निम्म्या दाबाची गोष्ट माझ्याच मनात घोळत राहिली. तीन दिवस मी होय म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही.

चौथ्या दिवशी वहिनी परसात आल्या. त्या टाकीविषयी कधी बोलत नसत. म्हणाल्या, “भावजी, गॅसचं सिलिंडर घेताना मी वरच्या पट्टीवरचं अक्षर नि साल बघून घेते. ए, बी, सी, डी. मुदत गेलेली असली तर परत पाठवते. याच्यावर कुठं लिहिलंय?”

“याच्यावर नसतं, वहिनी.”

“मग तुम्ही लिहा की.”

खडू घेऊन मी ‘श्री’च्या खाली ‘बाद’ लिहिले. हात थोडा थरथरला, हे सांगायला हरकत नाही. वहिनींनी ते वाचले आणि पाटल्या काढून पुतण्याच्या हातावर ठेवल्या. मी माझी भर घातली. मोसमाच्या आधी नवी टाकी आली.

जुनी भंगारात तशीच दिली असती, तर दुसऱ्या कोणाच्या शेडमध्ये ती पुन्हा उभी राहिली असती, जशी दारूखान्यातून आमच्याकडे आली तशी. म्हणून ती गॅस-कटरने उभी चिरून घेतली. तळाला हातभर लांब देवीच्या व्रणांसारखे खड्डे होते, एकामागे एक, ओळीने. एकटा खड्डा असता तर तिथून हवा फुस्स करून गळली असती, ओळ उसवते. एका खड्ड्यात पुतण्याने सहज दाभण टोचले, तर ते पलीकडे निघाले. तो बराच वेळ दाभण तसेच धरून उभा होता. ‘श्री’चा तुकडा कापणाऱ्याने न सांगता वेगळा काढून दिला. तो वहिनींच्या देवघरात आहे.

आता रात्री नऊच्या सुमारास, काम संपले की, परसातून हवा सुटल्याचा आवाज येतो आणि मागोमाग फरशीवर पाणी पडल्याचा. कॉक पुतण्या फिरवतो; मुलीला शेडच्या उंबऱ्याच्या आत यायची मनाई आहे, ती दारातून मोजते. एखाद्या रात्री साडेनऊ झाले तरी आवाज आला नाही, तर मी मागचे दार उघडून हाक मारतो. पुतण्या वैतागून म्हणतो, “सोडतोय, काका.” तो वैतागतो. मी दार उघडेच ठेवतो, पाणी पडल्याचे ऐकू येईपर्यंत.