दोन गिअर, आठ गिअर आणि आमचे मामू

कोकणातल्या ज्या ज्या मोहल्ल्यातून माणसे कुवेत, दुबई, मस्कतला गेली, तिथे ईदच्या सुट्टीत मोटारींच्या गप्पा निघाल्या नाहीत असे होत नाही. गप्पा निघाल्या की दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, जुन्या अमेरिकन गाड्यांसारख्या गाड्या पुन्हा होणे नाही. दुसरा म्हणतो, त्या पेट्रोल पिणाऱ्या म्हशी. गाडी म्हणावी तर आजची. आमच्या आजोळी हे दोन्ही पक्ष एकाच दस्तरख्वानावर जेवतात. पहिल्या पक्षाचे पुढारी आमचे मामू. 1978 साली ते कुवेतला गेले आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडण्याच्या कामाला लागले. 1990 च्या ऑगस्टमध्ये इराकी फौज कुवेतमध्ये शिरली, तेव्हा हजारो हिंदी लोकांबरोबर तेही अम्मानमार्गे मुंबईला परतले. पुढे वीस वर्षे शारजात त्यांनी तोच धंदा केला. दुसऱ्या पक्षाचा पुढारी त्यांचाच धाकटा मुलगा. तो शारजालाच, ज्यांना परफॉर्मन्स कार म्हणतात त्या वेगवान गाड्यांच्या गॅरेजात आहे.

वाद नेहमीचा. दोन-तीन गिअरचा जुना, साधा ऑटोमॅटिक चांगला की आठ-दहा गिअरचा नवा? आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवणारी माणसे. इतकी वर्षे आम्ही नुसते श्रोते होतो. यंदा मात्र या वादात घरातल्या एका मुलाचे शिक्षण अडकले, आणि आम्हांलाही मध्ये पडावे लागले.

मामूंचा नातू दहावी पास झाला, बावन्न टक्के मिळाले. निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्याने जाहीर केले, "आता पुरे. चाचांकडे जातो, हेल्पर म्हणून लागतो. दादा नववीतून सुटले, त्यांचे काय अडले?" प्रश्न बिनतोड होता. मामूंचे खरोखरच काही अडले नव्हते. घर बांधले, दोन बहिणींची लग्ने केली, हज केला. हे सगळे त्या गिअरबॉक्सच्या कमाईवर. तेव्हा उत्तर शोधायचे तर ते गिअरबॉक्समध्येच शोधायला हवे होते.

साध्या यंत्राची ताकद

ज्या भगिनींना या विषयाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याचे पातेही फिरू लागेल. वाऱ्याच्या जागी तेल घाला, म्हणजे ऑटोमॅटिक गाडीतला टॉर्क कन्व्हर्टर झाला. इंजिन एक पंखा फिरवते, दुसरा पंखा चाकांकडे जोर नेतो. मधल्या एका तिसऱ्या पात्यामुळे गाडी जागची हलताना तो जोर जवळजवळ दुप्पट होतो. त्यामुळे मागे गिअर थोडे असले तरी भागत असे.

जुने म्हणजे आधी दोन गिअर, मग तीन, मग चार, असा चढता क्रम असेल असे आम्हांला वाटे. तसे नाही. अमेरिकेत 1940 च्या ओल्डस्मोबिल गाड्यांत जो हायड्रामॅटिक आला त्याला चार गिअर होते. त्यानंतर दहा वर्षांनी, 1950 साली, शेवरोलेने पॉवरग्लाइड काढला, त्याला दोनच. क्रायस्लरचा टॉर्कफ्लाइट 1956 चा आणि जनरल मोटर्सचा टर्बो हायड्रामॅटिक 400 हा 1964 चा, दोन्हींना तीन. इंजिने मोठी होती, सहा-सात लिटरची. त्यांना कमी फेऱ्यांतही भरपूर जोर असे. उंच माणसाला दोन पायऱ्यांचा ओटा पुरतो, तसे ते. टर्बो हायड्रामॅटिकचा लौकिक असा की रोल्स-रॉइसने तो आपल्या सिल्व्हर शॅडोत बसवला. 1976 साली फेरारीने आपली पहिली ऑटोमॅटिक गाडी काढली, तेव्हा त्यांनीही अमेरिकेहून हाच तीन गिअरचा डबा आणला. हे सांगताना मामूंची छाती अजून फुगते.

त्यांचा हुकमी एक्का मात्र पॉवरग्लाइड. त्याचे उत्पादन 1973 मध्ये थांबले, पण अमेरिकेत पाव मैलाच्या सरळ शर्यतीत हा दोन गिअरचा डबा आजही धावतो. मूळचे जुने डबे पुरेनात, म्हणून दुसरे कारखाने त्याची कवचे आणि आतले भाग नव्याने बनवून विकतात. कारणे सरळ आहेत. डबा हलका. आत फिरणारे भाग थोडे, म्हणून इंजिनचा जोर वाटेत कमी खर्च होतो. शर्यतभरात गिअर एकदाच बदलायचा, म्हणून चुकायलाही एकच जागा. शर्यतीच्या इंजिनाला जोर इतका असतो की पहिला गिअर फार ताकदीचा ठेवला तर टायर जागच्या जागी फिरत राहतात. तिथे पॉवरग्लाइडचा सौम्य पहिला गिअरच कामाचा.

आठ पायऱ्यांचा जिना

आता धाकट्याची बाजू. त्याने आम्हांला फोनवर आकडे लिहून घ्यायला लावले, आणि आकड्यांनी बरेच काही स्पष्ट झाले.

कोणत्याही इंजिनाची एक रग असते. अमुक फेऱ्यांच्या दरम्यान ते सर्वांत जोमात असते. गिअर बदलला की फेऱ्या खाली पडतात. पॉवरग्लाइडचा पहिला गिअर 1.82, दुसरा 1. मिनिटाला 6000 फेऱ्यांवर गिअर बदलला तर इंजिन एकदम 3300 वर येते. टर्बो हायड्रामॅटिकच्या दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना 4050 वर. जर्मनीच्या झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा डबा 2009 साली बीएमडब्ल्यूच्या गाडीत आला. त्यात तिसऱ्यातून चौथ्यात जाताना फेऱ्या फक्त 4750 पर्यंत उतरतात. इंजिन आपल्या रगीतच राहते, दम तुटत नाही. शिवाय त्याचा पहिला गिअर 4.7 च्या आसपास आणि आठवा 0.67. म्हणजे निघताना भरपूर जोर, आणि लांबच्या रस्त्यावर इंजिन शांत, पेट्रोल कमी. जुन्या तीन गिअरच्या डब्यात या दोन्ही गोष्टी एकदम मिळत नसत. त्यात टॉर्क कन्व्हर्टरमधले तेल सतत घसरे आणि जोराचा काही भाग नुसता तापण्यात जाई. नव्यात गाडी चालू लागली की दोन्ही पंखे क्लचने एकमेकांना जखडून टाकतात.

मामूंचे म्हणणे, इतके गिअर म्हणजे इतका वेळ बदलण्यातच गेला. जुन्या डब्यांबाबत ते खरे होते. नवा डबा मात्र डोळ्याचे पाते लवायच्या आत गिअर बदलतो, आणि गरज पडली तर आठव्यातून मधले सोडून थेट दुसऱ्यात उतरतो. बीएमडब्ल्यूने आपल्या एम-5 या वेगवान गाडीतला दोन क्लचचा सात गिअरचा डबा काढून 2017 मध्ये हाच आठ गिअरचा बसवला. डॉजची 2018 ची डीमन ही नंबरप्लेट लावून रस्त्यावर चालवता येणारी गाडी. तिने पाव मैल 9.65 सेकंदांत कापला, तोही आठ गिअरच्या ऑटोमॅटिकवर. फोर्ड आणि जनरल मोटर्स तर दोघांनी मिळून दहा गिअरपर्यंत गेले. त्या दहातले वरचे दोन-तीन गिअर वेगासाठी नाहीत, पेट्रोल वाचवण्यासाठी आहेत, हे धाकटाही कबूल करतो.

गाडी म्हणून पाहिले तर निकाल धाकट्याच्या बाजूने लागतो. पाव मैलाच्या पट्टीवर साधेपणा अजून राजा आहे. घाट, वळणे, बाजार आणि हमरस्ता या सगळ्यांतून एकाच गाडीने जायचे तर नवा डबा सरस. पण आमच्यापुढचा प्रश्न गाडीचा नव्हता. मुलाचा होता.

हाताला कळणारे यंत्र

मामूंचे हुनर काय होते, ते आम्ही यंदा प्रथमच नीट विचारले. जुन्या डब्यात वीज जवळजवळ नव्हती. गिअर कधी बदलायचा हे तेलाचा दाब ठरवी. मागच्या दांड्यावर फिरणारा गव्हर्नर गाडीचा वेग सांगे, आणि इंजिनापासून आलेली एक रबरी नळी इंजिनवर किती भार आहे ते सांगे. दोघांची रस्सीखेच होई आणि छोटे व्हॉल्व्ह इकडून तिकडे सरकत. सगळे डोळ्यांना दिसणारे, बोटांना लागणारे.

एकदा एक शेवरोले कॅप्रिस आली. गिअरबॉक्सचे तेल सारखे कमी होई, पण जमिनीवर थेंब नाही. मालकाने दोन गॅरेजे पालथी घातलेली. मामूंनी धुराड्यातला पांढरा धूर पाहिला, ती रबरी नळी उपसून बोटाने चाचपली, आत लाल तेल लागले. नळीच्या टोकाच्या डबीतला पडदा फाटला होता आणि इंजिन त्या वाटेने गिअरबॉक्सचे तेल ओढून जाळत होते. एका छोट्या डबीचा खर्च. गिअरबॉक्स उघडावाही लागला नाही.

तेल लाल आहे की काळपट, वास जळका आहे की नाही, यावरून ते आतल्या क्लचची हालत सांगत. व्हॉल्व्हच्या खोक्यातल्या बारीक पोलादी गोळ्या बसवताना निसटू नयेत म्हणून व्हॅसलिनने चिकटवून ठेवत. हे सारे त्यांना एका इराणी उस्तादाने दाखवले. कागदावर एक अक्षर न लिहिता.

इथेच आम्हांला त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर सापडले. नववीतून शाळा सोडलेला मुलगा नुसते पाहून आणि हात लावून उस्ताद होऊ शकेल, असे ते यंत्र होते. शाळेचे दार बंद झालेल्या आपल्या कितीतरी मुलांना त्या साधेपणाने भाकर दिली. जुन्या गाड्यांचे गोडवे गाताना मामूंच्या मनात असते ते हेच असावे.

एका रात्री इशानंतर धाकट्याने व्हिडिओ कॉल करून आठ गिअरचा उघडलेला डबा दाखवला. मामूंनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिले आणि विचारले, "यात गव्हर्नर कुठे आहे?"

"नाही अब्बा. सेन्सर आहेत. हिशेब हा आतला संगणक करतो."

"तेल तपासायची पट्टी?"

"तीही नाही. तेल ठरावीक तापमानाला आले की इंजिन चालू ठेवून बाजूचे बूच उघडून पाहायचे. तापमान लॅपटॉप सांगतो."

"आणि तुझे हेल्पर काय करतात?"

"डबा उतरवतात, चढवतात, धुतात. मॅन्युअल वाचता येत नाही त्याला पुढे काय देणार?"

मामू काही बोलले नाहीत. नातू शेजारीच बसला होता.

दहा निवडी

दुसऱ्या दिवशी धाकट्याने त्याच डब्याचा तक्ता पाठवला. आठ गिअरसाठी आत दातेरी चक्रांचे चार संच आणि पाच पकडी आहेत. कोणत्याही गिअरमध्ये तीन पकडी घट्ट असतात, दोन मोकळ्या. पाच पकडींना आम्ही अ, ब, क, ड, इ अशी नावे दिली आणि मुलाला विचारले, "पाचांतून तीन किती प्रकारे निवडशील?" त्याने वही ओढली. गणित आपल्याला येत नाही असे तीन वर्षे सांगणारा मुलगा अबक, अबड, अबइ असे लिहीत सुटला. दहा प्रकार निघाले. मग तक्त्याशी ताडून पाहिले. पुढचे आठ गिअर आणि मागचा एक, असे नऊ त्यात सापडले.

"सर, अकइ उरली," तो म्हणाला. "ती का नाही वापरली?"

"हा प्रश्न आमच्या वर्गातला नाही. यंत्र शिकवणाऱ्याला विचारायचा आहे."

यावर मामू म्हणाले, "मला असे विचारायला कोणी शिकवलेच नाही. मी फक्त उघडले आणि लावले." आणि त्यांनीच निर्णय दिला, "आधी दोन वर्षे शिकून ये. मग तुझा चाचा तुला बोलावील."

मुलाने आयटीआयला मोटार मेकॅनिकचा अर्ज भरला आहे. इंग्रजी सुधारावे म्हणून रोज मॅन्युअलचे एक पान आमच्यासमोर बसून वाचतो. अडलेल्या शब्दांची यादी उर्दू, मराठी अशा दोन रकान्यांत करतो. शनिवार-रविवार मामूंचा. त्यांनी कुठूनसा तीन गिअरचा एक जुना डबा मिळवला आहे. तो त्याने डोळे मिटून लावावा अशी त्यांची अट आहे. धाकट्याला ही अट हास्यास्पद वाटते. आम्हांला वाटत नाही. दोन पंखे, दातेरी चक्रे, पकडी, तेलाचा दाब ही मुळाक्षरे नव्यातही तीच आहेत. जुन्या डब्यात ती मोठ्या अक्षरांत लिहिलेली आहेत, एवढेच.

ज्या घरांतून यंदा एखादा मुलगा पासपोर्ट काढून "कामच शिकायचे तर शाळा कशाला" असे विचारत असेल, त्या घरांतल्या वडीलधाऱ्यांना आमची एकच विनंती. आपल्या तरुणपणीचा दाखला देण्याआधी त्या कामाचे आजचे यंत्र एकदा उघडून पाहा, आणि मुलालाही शेजारी बसवा.