केडगावचं बायबल

चि. छकुलीस,


तुझं पत्र मिळालं. दर रविवारी उपासनेला जातेस, गायनात उभी राहतेस, प्रभुभोजन घेतेस, आणि तरी घरी परतताना मन कोरडंच असतं, हे तू मोकळेपणानं लिहिलंस ते फार बरं केलंस. आपल्या घरातलं केडगावचं बायबल मी तुलाच का द्यायचं ठरवलं, असंही विचारलंयस. त्या बायबलाची गोष्ट सांगते. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिच्यातच आहे.

तुझी पणजी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये लहानाची मोठी झाली. तिथल्या छापखान्यात ती फर्म्यांच्या घड्या घालायला बसायची. खिळे जुळवणं, छपाई, बांधणी, सगळं मुलीबायकांच्या हातचं. त्या बायबलाचं भाषांतर मुक्तीच्या संस्थापक पंडिता रमाबाईंचं. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, खेड्यातल्या बाईला समजेल अशा मराठीसाठी वर्षानुवर्षं खपल्या आणि 5 एप्रिल 1922 ला गेल्या. संपूर्ण बायबल त्यांच्यामागं, 1924 मध्ये बाहेर पडलं. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. मला मात्र त्यांच्या आयुष्यातली, भाषांतराच्या कितीतरी आधीची आठ वर्षं फार मोलाची वाटतात.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणं सांगत सहकुटुंब तीर्थं हिंडले. स्नानं, उपास, व्रतं, दानं, कशात काही उणं ठेवलं नाही, आणि सगळं अगदी मनोभावे. मग दुष्काळ पडला आणि थोड्याच महिन्यांत वडील, आई, थोरली बहीण, तिघंही गेली. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या. पुढं भावाबरोबर पायी भटकंती, कोलकात्यातला मानसन्मान, लग्न, आणि दोन वर्षं होतात न होतात तोच वैधव्य. कडेवर लेक मनोरमा.

1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तिथल्या मठातल्या सिस्टरांनी त्यांना लंडनजवळ फुलहॅमचं एक घर दाखवलं. समाजानं 'बिघडलेल्या' म्हणून टाकलेल्या बायका तिथं राहायच्या, आणि त्यांतल्याच काही सावरून आजाऱ्यांची सेवा करत होत्या. या बायकांची एवढी माया का, असं रमाबाईंनी विचारलं. सिस्टरनं योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवला. विहिरीवरची शोमरोनी बाई विचारते, देवाला भजायचं ते या डोंगरावर की यरुशलेमेत? प्रभू म्हणतो, इथंही नाही नि तिथंही नाही. आत्म्यानं आणि खरेपणानं. लहानपण सगळं तीर्थांच्या वाटेवर गेलेल्या त्या मुलीला हे ऐकताना काय वाटलं असेल, याचा विचार आला की मला आजही भरून येतं.

त्याच वर्षी 29 सप्टेंबरला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. बाहेरच्या सोपस्कारांपुढं मान तुकवणं मात्र त्यांना कधी जमलं नाही. इंग्लंडात त्या शाकाहारीच राहिल्या. क्रूस घालायचाच तर त्यावर लॅटिन कशाला, आपल्या देशाचं संस्कृत असू दे, असं त्यांनी मठातल्या सिस्टर जेराल्डिनना स्पष्ट कळवलं. आणि तरीही, छकुली, 1907 साली आपली साक्ष लिहिताना त्या सांगतात की बाप्तिस्मा होऊन आठ वर्षं लोटली तरी आपल्याला धर्मच काय तो मिळाला होता, ख्रिस्त नव्हे. तोवर त्या अमेरिका फिरल्या होत्या, पुस्तक लिहून गाजल्या होत्या, विधवांसाठी शारदासदन काढलं होतं. मग हॅसलम नावाच्या एका पाळकाचं आत्मवृत्त त्यांच्या हाती पडलं. हा माणूस व्यासपीठावरून उपदेश करता करता स्वतःच पालटला होता. ते वाचून रमाबाई थबकल्या. आजवर बुद्धीनं पटवून घेतलं, तारण करणारा मात्र अजून भेटलाच नाही, हे त्यांना उमगलं आणि 1891 मध्ये त्यांनी स्वतःला जसं आहे तसं त्याच्या हवाली केलं.

हा पालट खरा की खोटा, ते पुढच्या कामात दिसलं. 1896 चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, टाकलेल्या मुली घेऊन आल्या. भुकेनं माणूस कसं मरतं ते त्यांनी पाहिलेलं होतं. केडगावला मुक्ती उभी राहिली, 1900 च्या सुमारास तिथं दोन हजारांच्या आसपास मुलीबायका होत्या. फुलहॅमला पाहिलं होतं तसं एक घरही त्यांनी काढलं, त्याचं नाव कृपासदन.

आता जे लिहिते ते तुझ्या बाबांनाही मी धड सांगितलेलं नाही. तुझ्या पणजीची आई त्या कृपासदनात होती. तिला लिहितावाचता येत नव्हतं, पण योहानाचा चौथा अध्याय तोंडपाठ होता. आपल्या बायबलात तेवढीच पानं मधोमध काळवंडली आहेत, कोपरे झिजून गोल झालेत. पणजी बोट ठेवून आईला ऐकवायची. म्हणून ते बायबल आपल्याकडे आईकडून लेकीकडे, आणि लेक नसली तर भाचीकडे जातं.

चर्च सोडू नकोस. रमाबाईंनीही उपासना सोडली नव्हती. मन कोरडं आहे म्हणजे आपण ढोंगी, असंही मानू नकोस. त्यांना हे आठ वर्षं सोसावं लागलं, आणि ते बोलून दाखवायला त्या लाजल्या नाहीत. या आठवड्यात तोच अध्याय एकटी बसून, मोठ्यानं, मराठीतून वाच. प्रार्थनेला सुंदर शब्द शोधू नकोस, मला जसं लिहिलंस तसंच त्याला सांग. काय झालं ते कळव. काहीच झालं नाही, तरी कळव.

तुझी,
आत्या