अण्णांच्या फियाटमधून बाहुबलीला

कोल्हापूरहून बाहुबली क्षेत्र सुमारे तीस किलोमीटरवर आहे. पंचगंगेचा पूल ओलांडून शिरोली, तेथून सांगलीच्या रस्त्याने चोकाक, हातकणंगले आणि पुढे नेजमार्गे डोंगराचा पायथा. आजच्या मोटारीला हा पाऊण तासाचा प्रवास. गतवर्षी माघात आम्हांला त्यास दीड तास लागला. कारण ब्याऐंशी वर्षांच्या आईची इच्छा होती, की एकदा तरी अण्णांच्या गाडीतूनच दर्शनास जावे.

अण्णांनी १९७८ साली घेतलेली ही प्रीमियर पद्मिनी त्यांच्या पश्चात सहा वर्षे लक्ष्मीपुरीतील आमच्या गोदामात झाकून ठेवलेली होती. दलाल दोनदा किंमत सांगून गेला होता. मी स्वतः ती कधीच चालवली नव्हती. ज्यांच्या घरी अशी गाडी वारशाने आली असेल, किंवा जे हौसेने नव्यानेच घेत असतील, त्यांच्यासाठी हा अनुभव लिहीत आहे.

ही गाडी आपल्याला परकी नाही. सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यातील वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट तयार होऊ लागली. १९७४ च्या सुमारास तिलाच पद्मिनी हे नाव मिळाले. इंजिन १०८९ सी.सी.चे. एके काळी गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाली.

प्रथम गाडी उद्यमनगरातील एका वयोवृद्ध मिस्त्रींकडे नेली. त्यांनी इंजिनाला हात लावण्यापूर्वी ब्रेक, टायर आणि पेट्रोलच्या रबरी नळ्या पाहिल्या. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी रबर वयाने कडक होते. टायरच्या कडेवरील चार अंकांत निर्मितीचा आठवडा आणि वर्ष लिहिलेले असते. ते आधी वाचावे. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि ते जुन्या नळ्यांचे रबर खाते. म्हणून नळ्या नव्या घातल्या. मिस्त्रींचे एकच सांगणे होते : ‘‘आधी थांबायला शिका, मग पळवा.’’

निघण्याच्या सकाळी बॉनेट उघडले तो आत मांजराचे पिलू उबेला बसलेले! ते सुखरूप बाहेर काढले. उभ्या असलेल्या गाडीत मांजर, खार, पक्ष्याचे घरटे असू शकते. किल्ली फिरवण्यापूर्वी एकदा पाहावेच. इंजिन थंड असतानाच रेडिएटरचे पाणी, तेल आणि ब्रेक ऑइल तपासावे. थंडीत चोक ओढून गाडी सुरू करावी आणि इंजिन तापू लागताच तो हळूहळू आत ढकलावा. गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी असतो. त्याच्याशी घाई करू नये. गाडी पूर्ण थांबल्यावरच पहिला गिअर टाकावा.

हे सारे केले, तरी मिस्त्रींचे सांगणे मला चोकाकच्या पुढेच कळले. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढे एकाएकी थांबला. मी नेहमीच्या सवयीने ब्रेकवर हलका पाय ठेवला आणि गाडी पुढेच जात राहिली. या गाडीच्या चारही चाकांना ड्रमचे ब्रेक आहेत. पायाच्या जोराला साहाय्य करणारी यंत्रणा नाही. सारा भार पायावर घालून दाबला, तेव्हा ट्रॉलीपासून जेमतेम दोन हातांवर गाडी उभी राहिली. मागच्या आसनावर आईने णमोकार म्हणण्यास प्रारंभ केला होता. दोष गाडीचा नव्हता. मी अंतर ठेवले नव्हते. पुढे चाळिसाच्या वेगाने, नेहमीच्या दुप्पट अंतर राखून गेलो. मागचे लोक हॉर्न वाजवत राहिले. त्यांना बाजू दिली.

बाहुबलीला अठ्ठावीस फुटी मूर्तीसमोर आई बराच वेळ बसली. मग म्हणाली, ‘‘अण्णा इथे आले की आधी गाडी सावलीत लावायचे.’’ मी उठून गाडी सावलीत लावली.

सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचलो. भोजनासाठी हे आवश्यकच होते. शिवाय जुन्या दिव्यांचा उजेड मंद असतो, तेव्हा रात्रीचा प्रवास टाळलेलाच बरा.

आणखी दोन गोष्टी. पन्नास वर्षांवरील मूळ स्वरूपातील गाडीस २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. परंतु मग ती नित्य वापरता येत नाही. ज्यांना दर्शनास, लग्नकार्यास गाडी न्यायची आहे, त्यांनी दर पाच वर्षांनी होणारे साधे नूतनीकरणच करावे आणि विमा चालू ठेवावा. दुसरे असे, की पहिल्याच फेरीला पन्हाळ्याचा घाट निवडू नये. पुढे कधी गेलात आणि चढावर तापमानाचा काटा वर सरकू लागला, तर गाडी बाजूला उभी करावी. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. वाफेने हात भाजतो. अर्धा तास थांबण्याने काही बिघडत नाही.

पेट्रोल, तेल आणि दुरुस्तीची नोंद मी अण्णांच्याच जुन्या वहीत ठेवू लागलो आहे. दलालाला नकार कळवला. आईने चैत्राची तिथी विचारून ठेवली आहे.